कबड्डी टीव्हीवर कशी चालली? आणि तिच्याआधी गोल्फ!

व्हिडिओत हा भाग घाईत झाला, म्हणून इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊनच बसा.

कबड्डी आपल्या मातीतली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ सालीच बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. १९९० पासून एशियाडमध्ये पुरुषांचं सुवर्ण दरवेळी आपलंच होतं. म्हणजे माल एक नंबर, पण टीव्हीवर गिऱ्हाईक नाही! मग २६ जुलै २०१४ ला मुंबईत आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सची प्रो कबड्डी सुरू झाली, स्टार स्पोर्ट्सवर. पहिल्या हंगामाला ४३.५ कोटी प्रेक्षक मिळाल्याचं जाहीर झालं.

खेळाडू तेच, मेहनत तीच. मग बदललं काय?

आधी थोडं अमेरिकेत जाऊ. गोल्फ हा टीव्हीसाठी सगळ्यात अवघड खेळ. १८ होल, अवाढव्य मैदान, प्रत्येक खेळाडू वेगळ्या जागी. १९५३ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज मे नावाच्या माणसानं (धंदा काय, तर बिझनेस कन्सल्टंट!) आपली स्पर्धा देशभर दाखवायला एबीसी चॅनेलला स्वतःच्या खिशातून पैसे दिले. नशीब बघा, लू वॉर्शमनं शेवटच्या होलवर शंभरेक यार्डांवरून मारलेला बॉल थेट खड्ड्यात गेला आणि तो एका फटक्यानं जिंकला. पुढच्याच वर्षी एनबीसीनं यूएस ओपन देशभर दाखवली.

पण खरी अडचण पुढेच होती. 'अ'नं १० होलमध्ये ३८ फटके मारले, 'ब'नं १२ होलमध्ये ४७. पुढे कोण? घरात बसलेल्याला काय कळणार! सीबीएसचा प्रोड्यूसर फ्रँक चिरकिनियन यानं १९६० च्या मास्टर्स स्पर्धेत युक्ती केली. प्रत्येक होलचे अपेक्षित फटके ठरलेले असतात, त्याला पार म्हणतात. त्यानं एकूण फटक्यांऐवजी पारपेक्षा किती कमी-जास्त तेवढंच दाखवलं. प्रत्येक होलचा पार ४ धरा : 'अ' उणे २, 'ब' उणे १. 'अ' पुढे. संपला विषय. खेळ तसूभर बदलला नाही, बदलला तो हिशोब दाखवायचा प्रकार.

आता परत कबड्डीकडे. आपल्याकडे चढाईची वेळ म्हणजे दम. दम तुटला की नाही, हे जवळ उभ्या पंचाला ऐकू येतं, सोफ्यावरच्या माणसाला नाही. म्हणून चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ लावलं. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर बाद. म्हणजे पाहणाऱ्याला आधीच कळतं की आता काहीतरी होणार. मातीवरच्या कबड्डीची मजा वेगळी, हे मी पण म्हणतो. पण इथे नियमाला हात लागला हे खरं, आणि मला तो सौदा पटतो. पुढे २०१५ मध्ये स्टारनं मशालचा ७४ टक्के हिस्साच घेतला.

आता आपल्या बुटीबोरीत या. एमआयडीसीतली मोटर तुमच्याकडे रिवाइंडिंगला आली. कस्टमरचा फोन येतो, "भाऊ, झाली का?" तुम्ही म्हणता, "होऊन जाईल." तुम्ही दिवसभर राबलात, त्याला दिसलं शून्य. पुढच्या वेळी तो नागपूरला जातो, आणि भाव पाडला तरी परत येत नाही. त्याऐवजी काउंटरवर पाटी लावा : उघडली, वाइंडिंग, वार्निश, टेस्टिंग. कोणती मोटर कुठे आहे, तिथे खडूनं खूण. खर्च एका पाटीचा.

मात्र काम कच्चं असेल तर पाटी लावू नका, कच्चेपणाच आधी दिसेल. कबड्डीचा माल आधीपासून पक्का होता, म्हणून ते जमलं.

होमवर्क : आज शटर पाडायच्या आधी, कस्टमर तुम्हाला रोज विचारतो ते तीन प्रश्न लिहून काढा. त्यातल्या एकाचं उत्तर उद्या दुकानात न बोलता दिसलं पाहिजे. पुढच्या व्हिडिओत मेसवाल्यांचं उदाहरण घेऊ.