माशांवर संशोधन? पण पुढे नोकरीचं काय?

“मुलीला कॅनडात जाऊन खाणींचा तळ्यांतल्या माशांवर होणारा परिणाम अभ्यासायचाय. पुढे पोटापाण्याचं काय?” पालकांची ही धास्ती रास्त आहे. या प्रश्नाचं उत्तर तिथल्या कायद्यात सापडतं. धातूंच्या आणि हिऱ्यांच्या खाणींचं सांडपाणी ठरावीक मर्यादेपलीकडे पाण्यात मिसळत असेल, तर कॅनडात खाणीलाच वेळोवेळी मासे तपासून सरकारला अहवाल द्यावा लागतो. त्यामुळे सल्लागार कंपन्या, प्रयोगशाळा आणि सरकारी खात्यांना हे काम जाणणारी माणसं लागतात.

काम काय असतं?
जाळ्यात आलेल्या माशाची लांबी-वजन घ्यायचं, यकृत तोलायचं. कानातला इवलासा खडा कापला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. ती मोजून वय कळतं आणि लेसरने तपासली तर कोणत्या वर्षी कोणता धातू अंगात गेला, याचाही माग लागतो.

धातूंच्या उद्योगाचा फटका तळ्यांना कसा बसतो, हे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात दिसतं. तिथल्या सडबरीभोवती निकेल-तांब्याच्या भट्ट्यांच्या धुराने सुमारे ७००० तळी आम्लयुक्त झाली. धूर आटोक्यात आल्यावर त्यातली बरीच सावरू लागली. त्याच प्रांतातल्या ‘लेक २२३’ या तळ्यात शास्त्रज्ञांनी १९७६पासून मुद्दाम आम्ल मिसळून पाहिलं. तिथले मोठे ट्राउट मासे खंगले ते उपासमारीने. त्यांचं खाद्य असलेले छोटे जीव आधीच संपले होते. म्हणूनच इथे नुसतं प्राणिशास्त्र पुरत नाही, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्रही पक्कं लागतं.

तयारी कशी करावी?
रत्नागिरी, नागपूर किंवा उदगीरची मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी हा सरळ रस्ता. तीन वर्षांची बी.एस्सी. असेल तर कॅनडातली अनेक विद्यापीठं ती अपुरी मानतात. आधी इथे एम.एस्सी. करावी. ‘आर’ या संगणकभाषेत आकडेमोड शिका आणि तळ्यावरच्या कामासाठी पोहायलाही शिका.

पैशांचं काय?
प्रबंधावर आधारित एम.एस्सी.लाच अर्ज करा. त्यात बहुधा मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून विद्यावेतन मिळतं. नुसत्या वर्गांच्या अभ्यासक्रमात खर्च सहसा घरचाच. म्हणून अर्जाआधी प्राध्यापकांना ईमेल करा. “आदरणीय सर, मला आपल्या विषयात रस आहे” एवढ्यावर कुणी उत्तर देत नाही. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यावर नेमका प्रश्न विचारा.

होकार आला तरी तीन गोष्टी लेखी घ्या: विद्यावेतन किती वर्षं, शुल्क त्यातूनच भरायचं का आणि तळ्यावरच्या कामाचा खर्च कुणाचा. ही उत्तरं हाती आल्याशिवाय शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सही करू नका.