मोटारसायकलचे शॉकअप आणि आपली कंबर

'डॉक्टर, गाडी चालवून चालवून कंबर गेली,' अशी तक्रार घेऊन येणारे आपल्या जिल्ह्यात प्रामुख्याने तीन प्रकारचे लोक असतात. जालन्याहून मंठा-परतूरकडे रोज अप-डाऊन करणारे शिक्षक व ग्रामसेवक, पहाटे दुधाचे कॅन लादून निघणारे दूधवाले, आणि सुट्या लागल्या की मोटारसायकलवरच तुळजापूर, पंढरपूर किंवा थेट कोकण गाठणारी हौशी मंडळी. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला खरा, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. त्यामुळे या सर्वांच्या वाट्याला जुनेच रस्ते येतात. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा रस्ता खाली-वर होतो. रस्ता आपल्या हातात नाही. शॉकअप मात्र आहेत, आणि त्यांची चौकशी रुग्णही करीत नाही व आम्ही डॉक्टरही क्वचितच करतो.

आधी कंबरेत काय होते ते पाहू. दोन मणक्यांमध्ये एक लवचिक गादी असते. बसलेल्या माणसाच्या कंबरेला सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा हादरे बसले, तर ते विरून जाण्याऐवजी शरीरात वाढतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसेच हे आहे. मग स्नायू सतत आवळलेले राहतात, थकतात आणि सगळा भार गादीवर येतो. वर्षानुवर्षे असे चालले की सर्वात खालच्या दोन गाद्या झिजण्याची किंवा सरकण्याची शक्यता वाढते. गादीने नस दाबली की कळ नितंबातून पोटरीपर्यंत उतरते. तिलाच आपण सायटिका म्हणतो. असे हादरे सोसणाऱ्या कामगारांसाठी युरोपीय संघाने २००२ साली रोजच्या हादऱ्यांची मर्यादा ठरवून दिली, यावरून विषयाचे गांभीर्य कळावे.

आता शॉकअपकडे वळू. त्याचे दोन भाग असतात. स्प्रिंग धक्का झेलते, आणि आतले तेल त्या स्प्रिंगला उड्या मारू देत नाही. तेल जुने झाले किंवा गळाले की नुसती स्प्रिंग उरते व गाडी घोड्यासारखी डुलते. पुढच्या शॉकअपची परीक्षा सोपी आहे. पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडल जोराने खाली दाबा आणि सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा नाचली तर तेल गेले समजा. चकचकीत नळीवर तेलाचे ओघळ दिसले तर सील बदलावे, कारण ते तेल ब्रेकवर उतरले तर कंबरेपेक्षा मोठी दुखापत व्हायची.

सर्वात मोठी चूक मागच्या शॉकअपच्या खाचांची. बहुतेक गाड्यांना मागे पाच खाचा असतात व त्या आकडीच्या पान्याने फिरतात. दूधवाला कॅन लादतो, गाडी खाली बसते, म्हणून मिस्त्री शेवटची खाच लावून देतो. हे योग्यच. पण कॅन रिकामे करून परतताना खाच तशीच राहते. खाच वाढवल्याने स्प्रिंग ताठ होते असा समज आहे. प्रत्यक्षात ती आधीच दाबून ठेवली जाते. मग एकट्या माणसाच्या वजनाने ती हलायला तयार होत नाही, चाक खड्ड्यात उतरू शकत नाही आणि लहान-मोठा प्रत्येक धक्का थेट मणक्यात जातो. सकाळचे ओझे गाडी वाहते, दुपारचे कंबर वाहते. डबलसीट घेऊन देवदर्शनाला जाणाऱ्यांनीही जाताना खाच वाढवावी व एकट्याने फिरताना कमी करावी. पाच मिनिटांचे काम आहे.

लांबच्या प्रवासासाठी नवे शॉकअप बसवायचा विचार असेल तर आधी टेप घ्या. गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक अधांतरी ठेवा व आसाच्या नटापासून सरळ वर मडगार्डावरील एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून काढा, नेहमीच्या सामानासह बसा, पाय पायदानावर ठेवा. दुसऱ्याने गाडी सरळ धरून तेच अंतर पुन्हा मोजावे. चाकाची एकूण हालचाल १२० मिलिमीटर असेल तर फरक ३० ते ४० मिलिमीटर यावा. जास्त आला तर खाच वाढवा, कमी आला तर उतरवा. शेवटच्या खाचेवरही गाडी फार बसत असेल तर स्प्रिंग आपल्या वजनाला नरम आहे. पहिल्या खाचेवरही बसतच नसेल तर ताठ आहे. अशा वेळीच स्प्रिंग बदलण्यात अर्थ आहे. शेजारच्या वाळूजला एंड्युरन्ससारखा कारखाना दुचाकींचे शॉकअप बनवतो, तेव्हा चांगला माल आपल्याला दूर नाही. दोन्ही बाजूंचे शॉकअप एकदम बदलावेत आणि लांबी मूळचीच ठेवावी. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॉकअप लावण्याची फॅशन आहे. त्याने हँडलचा तोल बिघडतो. नळीबाहेर गॅसची डबी असलेले महागडे शॉकअप लांब खडबडीत प्रवासात तापून ढिले पडत नाहीत, हा त्यांचा खरा फायदा. रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याने त्यावर पैसे घालवू नयेत. त्याने टायरची हवा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ठेवली आणि पुढचे तेल वेळेवर बदलले तरी पुष्कळ.

शॉकअप कितीही चांगले असले तरी तासाभराने उतरून दहा पावले चालावे. गतिरोधकावर पायदानावर भार देऊन किंचित उठावे, म्हणजे गुडघे शॉकअपचे काम करतात. उतरल्या उतरल्या पोते किंवा कॅन उचलू नये. थकलेले स्नायू तेव्हा कंबरेला आधार देऊ शकत नाहीत.

कंबरदुखीसोबत पाऊल लुळे पडणे, सीटला टेकणारा भाग बधिर होणे किंवा लघवी अडणे अथवा नकळत होणे, यांपैकी काहीही आढळले तर मालिश, पट्टा, शॉकअप सर्व बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशी दबलेली नस वेळेत मोकळी केली नाही तर कायमचे अपंगत्व येऊ शकते. रुग्णालयात जाताना मात्र स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये.