उजव्या विचारसरणीची मुळे : विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

‘उजवे’ हे नाव १७८९ च्या फ्रान्समधून आले. तेथील राष्ट्रीय सभेत राजाच्या नकाराधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले. पुढे परंपरागत अधिकार राखू पाहणाऱ्यांस तेच नाव पडले. महाराष्ट्रात या प्रवृत्तीची खूण १८९५ साली पुण्यात दिसते. न्यायमूर्ती रानड्यांच्या सामाजिक परिषदेस काँग्रेसच्या मंडपात जागा मिळू दिली गेली नाही. राजकीय हक्क हवेत, समाजरचनेला मात्र हात लावू नका, असा तो आग्रह होता.

पुढे राष्ट्राचीच व्याख्या धर्माच्या आधारे झाली. १९२३ साली सावरकरांचा ‘हिंदुत्व’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारत ज्याची पितृभू आणि पुण्यभू, तो हिंदू, अशी व्याख्या त्यात आहे. तिने मुसलमान व ख्रिस्ती बाहेर राहिले. बौद्ध मात्र न विचारताच आत गणले गेले. १९२५ च्या विजयादशमीला डॉ. हेडगेवारांनी नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन केला.

आम्हांस वर्गात एक प्रश्न हमखास येतो : सावरकरांनी रत्नागिरीत अस्पृश्यतेविरुद्ध काम केले, १९३१ साली पतितपावन मंदिर सर्वांना खुले झाले, मग मतभेद कोठे? ते कार्य नाकारणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. भेद हेतूत आहे. तेथे अस्पृश्यता घालवायची ती हिंदूंच्या संघटनेसाठी. १९२७ साली आपल्याच जिल्ह्यातील महाडला बाबासाहेबांनी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, ते माणूस म्हणून समान हक्कासाठी. एकीकडे समता हे साधन, दुसरीकडे तीच पाया.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीलाच, नागपुरात धम्मदीक्षा झाली. संघाला डिवचण्यासाठी हे शहर निवडले, असा समज बाबासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी खोडून काढला. बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी, हे त्यांनी दिलेले कारण होते. विरोधावर नव्हे, स्वतःच्या वारशावर ते उभे राहिले.

विद्यार्थी मित्रहो, घोषणेला घोषणेने उत्तर देऊ नका. ‘हिंदुत्व’ वाचा, ‘जातिनिर्मूलन’ही वाचा. कोणताही वाद तुम्हांला हाक देईल, तेव्हा एवढेच विचारा : येथे मला जागा आहे ती कोणत्या अटीवर?