नदीने घडवलेला पूल

दुसरबीडजवळ राहेरी येथे खडकपूर्णा नदीवर पूल आहे. तो माणसांनी बांधला. पण नदी स्वतःच पूल घडवू शकते काय? पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, आणे घाटात गुळुंचवाडीजवळ असा नैसर्गिक पूल आहे. ओढ्यावर खडकाची आडवी कमान आहे आणि तिच्याखालून पाणी वाहते. दुसरबीडचा व गुळुंचवाडीचा खडक एकाच जातीचा, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला.

इतका कठीण खडक पाण्याने कसा कापला जातो? खरे म्हणजे नुसते पाणी हे काम फारसे करत नाही. कापण्याचे हत्यार म्हणजे पाण्याबरोबर येणारे वाळू-गोटे. कुकडी नदीच्या पात्रात निघोज येथे रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरतात, खडक घासतात व गिरमिटाप्रमाणे खाली खाली उतरत जातात.

आता थोडे गणित करू. गोट्यावरील पाण्याचा रेटा हा वेगाच्या वर्गाच्या आणि गोट्याच्या समोरील क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. गोट्याचे वजन मात्र घनफळाच्या, म्हणजे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. यावरून असे दिसते की, पाण्याचा वेग दुप्पट झाला तर चौपट व्यासाचा गोटा हलतो. चौपट व्यास म्हणजे ४ × ४ × ४ = ६४ पट वजन! म्हणूनच नदीचे बरेचसे कोरीव काम पुराच्या मोजक्या दिवसांत होते.

धबधब्यापाशी वेग आणखी वाढतो. हवेचा विरोध सोडून दिला तर १० मीटर खाली पडणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला १४ मीटर होतो. धबधब्याच्या पायथ्याशी सच्छिद्र खडकाचा किंवा लाल मातीचा मऊ थर असेल तर तो आधी झिजतो व तेथे गुहा होते. वरचा कठीण थर छतासारखा पुढे राहतो. या छतावरही रांजणखळगा खोल होत असेल, तर एक दिवस तो खालच्या गुहेला जाऊन मिळतो. मग पाणी कड्यावरून न पडता त्या भोकातून गुहेत कोसळते, आणि छताचा पुढचा भाग पूल म्हणून उरतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात स्प्रिंगब्रूक येथे बेसाल्टमध्येच असा धबधबा, गुहा आणि पूल एकत्र पाहावयास मिळतात.

हा पूल कायमचा नव्हे. ज्या झिजेने तो घडवला तीच त्याला पातळ करत राहते, आणि शेवटी तो कोसळतो.

विद्यार्थी मित्रांनो, सहलीला गेलात की कोरडे पात्र पाहून ‘नदी निजली आहे’ असे समजू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी वर कोठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक येऊ शकतो. ६४ पटीचा हिशेब तेव्हा गोट्यांना लागू पडतो, तसाच माणसांनाही. म्हणून पावसाळ्यात कमानीखाली किंवा खळग्यात उतरू नये.

घरी सोडवा : पाण्याचा वेग तिप्पट झाला, तर किती पट वजनाचा गोटा हलेल?