चिनी लोकांचा धर्म कोणता?

मुलांनो, तुमच्या शाळेतला चिनी मित्र कदाचित सांगेल, "आमच्या घरी धर्मबिर्म काही नाही." पण चीनमधले त्याचे काका एप्रिलच्या सुरुवातीला, छिंगमिंगच्या दिवशी, आजोबांच्या थडग्यावर जातात, झाडलोट करतात, उदबत्ती लावतात, खाऊ ठेवतात. मग हा धर्म की नुसता रिवाज? याच प्रश्नावरून पूर्वी रोमचे पोप आणि चीनचा सम्राट यांचे बिनसले होते.

मात्तेओ रिच्ची हा इटालियन जेसुइट पाद्री १५८२ मध्ये मकावला पोचला. आधी त्याने बौद्ध भिक्षूचा वेष घेतला. पण खरा मान कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकलेल्या पंडितांना आहे हे कळल्यावर १५९५ मध्ये त्याने पंडिताचा झगा चढवला. (हुशार माणूस!) त्याच्या मते पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे वाकणे हा वडीलधाऱ्यांचा आदर होता, देवपूजा नव्हे. मागाहून आलेल्या डॉमिनिकन पाद्र्यांना मात्र तीच मूर्तिपूजा वाटली. जेसुइटांची ऊठबस दरबारी विद्वानांत, यांची सामान्य लोकांत. दोघेही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत होते.

खांग्शी सम्राटाने १७०० मध्ये जेसुइटांच्या बाजूने निर्वाळा दिला. तरीही पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७०४ आणि पुन्हा १७१५ मध्ये या विधींना मनाई केली. सम्राट चिडला आणि १७२१ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्मप्रचारच बंद केला. कुचंबणा झाली ती चिनी ख्रिस्ती कुटुंबांची. पाटी ठेवावी तर चर्च रागावणार, काढावी तर भाऊबंद. अखेर परवानगी मिळाली ती १९३९ मध्ये!

मुळात 'रिलिजन' या अर्थाचा नेमका शब्दच जुन्या चिनीत नव्हता. आजचा 'त्सोंगच्याओ' हा शब्द एकोणिसाव्या शतकात जपानीतून त्या अर्थाने आला. २०१८ च्या चिनी पाहण्यांत 'माझा अमुक धर्म' म्हणणारे दहांत एक निघाले, पण वर्षातून एकदा तरी घरच्यांच्या थडग्यावर जाणारे चारांत तीन! आम्ही सॉफ्टवेअरवाले फॉर्मवर धर्मासाठी एकच चौकोन ठेवतो. त्यात हे कसे मावणार? आपला 'धर्म' शब्द तरी कुठे मावतो? शेजारधर्मसुद्धा धर्मच की!

गृहपाठ : तुमच्या घरी पितृपक्षात किंवा एरवी, गेलेल्या माणसांची आठवण कशी ठेवतात ते आजीला फोन करून विचारा. चिनी मित्राला समजेल अशी पाच वाक्ये मराठीत लिहा. अट एकच : 'देव' आणि 'पूजा' हे शब्द वापरायचे नाहीत. पालकांनीही करून पाहावे.