एक्स-रेमधील सावली मोठी का दिसते?



आमच्या नगर जिल्ह्यात जुनी माणसे एक्स-रे काढण्याला ‘फोटो काढणे’ म्हणतात. वस्तुतः तो फोटो नव्हे, ती सावली होय. जर्मनीतील वुर्झबर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांनी पत्नीच्या हाताची घेतलेली प्रतिमाही बोटांच्या हाडांची आणि अंगठीची सावलीच होती.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरातील एका वृद्धांना धाप लागली. एका रुग्णालयात खाटेवर निजवूनच छातीचा एक्स-रे काढला. ‘हृदय मोठे’ असा रिपोर्ट आला. घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी उभे करून एक्स-रे काढला, तेव्हा हृदय नेहमीच्याच आकाराचे निघाले. असे का झाले?

वीज गेल्यावर कंदिलासमोर हात धरून पाहा. हात भिंतीजवळ असेल तर सावली हाताएवढी. कंदिलाजवळ नेला की सावली राक्षसाएवढी. एक्स-रेचे गणित हेच आहे. किरणांच्या उगमापासून फिल्मपर्यंतच्या अंतराला उगमापासून अवयवापर्यंतच्या अंतराने भागले की सावली किती पट होते ते कळते.

छातीचा एक्स-रे उभे करून, छाती फिल्मला टेकवून, सुमारे १८० सें.मी. अंतरावरून काढतात. समजा, हृदय फिल्मपासून १० सें.मी. दूर आहे. १८० भागिले १७० म्हणजे १.०६ पट. खाटेवर काढताना फिल्म पाठीखाली असते, अंतर १०० सें.मी.च्या आसपास. हृदय पुढच्या बाजूला असल्याने फिल्मपासून २० सें.मी. दूर गेले असे धरू. १०० भागिले ८० म्हणजे १.२५ पट. तेव्हा १२ सें.मी. रुंदीचे हृदय पहिल्या रीतीने पावणेतेरा, तर दुसऱ्या रीतीने १५ सें.मी. दिसेल!

मात्र हाच दोष काही वेळा गुण ठरतो. स्तनाच्या तपासणीत चुन्याचे बारीक कण पाहण्यासाठी स्तन मुद्दाम फिल्मपासून दूर ठेवून दीड ते दोन पट मोठी प्रतिमा घेतात. कंदिलाची ज्योत मोठी असली की सावलीच्या कडा धूसर होतात, तसेच येथेही होते. म्हणून किरण निघण्याचा ठिपका नेहमीच्या ०.३ ऐवजी ०.१ मि.मी. घेतात. अवयव उगमाजवळ येत असल्याने किरणांची मात्राही वाढते. त्यामुळे ही रीत गरजेपुरतीच वापरतात.

आता संगणकाच्या पडद्यावर एक्स-रे हवा तेवढा मोठा करता येतो. परंतु आम्ही बँकेत भिंगाखाली सही पाहतो, तेव्हा कागदावर नसलेली शाई काही उमटत नाही. पडद्यावरचे मोठे करणेही तसेच.

तेव्हा रिपोर्ट हाती आल्यावर घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारावे, “एक्स-रे उभे करून काढला की निजवून?” जुना एक्स-रे जपून ठेवावा व दाखवावा. मात्र ‘सावलीच ती’ म्हणून उपचार टाळू नयेत.

आमच्या जिल्ह्यात लोणी येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. बारावी विज्ञाननंतर क्ष-किरण तंत्रज्ञाचे अभ्यासक्रमही असतात. मुलामुलींनी त्यांचा जरूर विचार करावा. अंतर नीट मोजणारा तंत्रज्ञ एका घराची झोप वाचवू शकतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.