गोंधळात मंजूर झालेल्या पैशाचा हिशेब

प्रश्न : लोकसभेत आरडाओरडा चालू असतो आणि त्यातच लाखो कोटींचा अर्थसंकल्प मंजूर होतो. पुढे तो पैसा कुठे गेला, हे खासदार कधी विचारतात तरी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. 23 मार्च 2023 रोजी सुमारे 45 लाख कोटींचा अर्थसंकल्प लोकसभेने चर्चेविना संमत केला. चर्चा न झालेल्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या अशा एकगठ्ठा मताला टाकण्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. त्याआधी स्थायी समित्या खात्यांच्या मागण्या तपासतात खऱ्या, पण त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

खरी झाडाझडती होते ती खर्च झाल्यावर, लोकलेखा समितीत. ही समिती 1921 पासूनची, संविधानाहूनही जुनी. ब्रिटिश अमदानीत तिचं अध्यक्षपद खुद्द सरकारच्या अर्थसदस्याकडेच असे, म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या! आता लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 सदस्य वर्षभरासाठी निवडले जातात, मंत्र्यांना मज्जाव. अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा, हा संकेत 1967 मध्ये मिनू मसानींपासून रूढ झाला.

महालेखापरीक्षकांचा, म्हणजे ‘कॅग’चा अहवाल संसदेत आला की समिती त्यातले निवडक मुद्दे उचलते आणि त्या त्या खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावते. मंजुरीपेक्षा जास्त खर्च का झाला, आणलेली यंत्रं धूळ खात का पडली, असे हे प्रश्न. बैठक बंद दाराआड चालते. मला तरी ते बरंच वाटतं. समोर कॅमेरा नसला की खासदार भाषण सोडून प्रश्न विचारतात. सरकारने शिफारशींवर काय केलं, तेही समितीला कळवावं लागतं.

‘बैल गेला नि झोपा केला’ असं कुणी म्हणेल, आणि ते काहीसं खरंही आहे. पण उद्या या टेबलापुढे बसावं लागेल, ही धास्ती फाइलवर सही करणाऱ्याला आज असते.

समितीचे अहवाल सहसा एकमताने होतात. राजकारण तापलं की तेही जमत नाही. 2011 मध्ये टू-जी स्पेक्ट्रम वाटप प्रकरणी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांच्या अहवालाच्या मसुद्याविरुद्ध तेव्हाच्या 21 पैकी 11 सदस्य उभे राहिले. जोशींनी तरीही तो तत्कालीन लोकसभाध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे धाडला. त्यांनी तो परत पाठवला.